माझ्या नावाचा बेड

डोंगरात झोपायला जागा पाहिजे तर सहा महिने आधी घरात खुर्चीवर बसून ती मिळवावी लागते, हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं. आमचं घर अकोले तालुक्यात, गडाच्या पायथ्याशी. पुण्या-मुंबईची पोरं शनिवारी यायची, अंगणात बूट झटकायची, आई त्यांना पिठलं-भाकरी करून द्यायची, आणि मग ती वर जाऊन गुहेत झोपायची. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्याने पसरायचं, कुणी कुणाला विचारायचं नाही. मी स्वतः किती वेळा वर गेले असेन, सरपणाला, गुरं शोधायला, देवीच्या यात्रेला, पायात स्लीपर, कधी ती पण नाही. त्यामुळे इथे पहिल्यांदा ऐकलं की डोंगरावर हट असतात, लाकडी खोल्या, त्यात एकावर एक बेड, रात्रीचं गरम जेवण पण तेच लोक देतात, आणि त्यातला एक बेड मिळवायला माणसं जानेवारीत कॉम्प्युटरसमोर टपून बसतात, तेव्हा मला हसूच आलं.

माझं शिक्षण बारावी, ती पण इंग्रजीत राहिलेली. आणि आमचे हे इंजिनियर, पुण्यात शिकलेले. हे माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. भावाचीच मुलगी सून करून आणायची असं आत्याने आजीला कबूल केलेलं, म्हणून आमचं लग्न झालं आणि मी एकदम इथे अमेरिकेत, पार्सिपनीला येऊन पडले. म्हणजे माझी सासू ही माझी आत्याच, लहानपणी मला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलेली. सासुरवास नाही, परकं घर नाही, पोरीचं नशीब काढलं, असं गावात सगळे म्हणाले. मला पण तसंच वाटायचं.

तर त्या रविवारी बाहेर बर्फ पडून गेलेला, आणि ह्यांचे दोन मित्र घरी आले होते. ऑफिसातलेच दोघे, एक पुण्याचे, एक नागपूरचे. मी पोहे केले होते, बाळ, आमची लेक, माझ्या कडेवर, नुकतीच बसायला लागलेली. ह्यांचं तिघांचं उत्तरेकडच्या डोंगरांचं बोलणं चाललेलं.

"तीन हट, तीन रात्री, झाडं संपतात त्याच्या वर चालायचं पूर्ण," नागपूरचे भावजी म्हणत होते. "एकदा तरी करायलाच पाहिजे बे. पण बुकिंग मिळतं कुठे? गेल्या वर्षी मी बसलो होतो, पाहता पाहता मधलीच हट फुल्ल."

"मधली गेली की संपलंच," पुण्याचे भावजी म्हणाले. "पहिली आणि तिसरी घेऊन काय करणार? मधल्या रात्री काय झाडाला लटकणार?"

मी डिशा ठेवता ठेवता म्हटलं, आमच्या गडावर तर गुहेत कोणीही झोपतं. सगळे हसले, पण चांगलं हसले. नागपूरचे भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर सह्याद्रीच्या. तुम्ही आलात तर आम्ही मागेच राहून जाऊ हो."

तर हे म्हणाले, "मग चल की तू पण."

असंच म्हणाले, पोह्यावर लिंबू पिळता पिळता. पण मी ऐकलं ना. मी म्हटलं, आणि हिचं काय? तर म्हणाले, "काकू आहेत की खाली. मी बोलतो त्यांच्याशी. तीन रात्रींचा तर प्रश्न."

काकू म्हणजे आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात, साताऱ्याच्या, इथे येऊन त्यांना खूप वर्षं झाली. माझ्या बाळंतपणात कुणीच येऊ शकलं नव्हतं, आत्याला व्हिसा मिळाला नव्हता, तेव्हा काकूच रोज डब्यातून अळिवाची खीर पाठवायच्या. त्यांच्याकडे बाळ ठेवायला मला भीती नव्हती. बाकी मला इथे सगळ्याचीच भीती. फोन वाजला तर भीती, दारावर कुणी टकटक केलं तर भीती, दुकानात त्या बाईने काही विचारलं तर मी यस यस म्हणून निघून येते. पण डोंगराची नाही. डोंगराचं नाव काढलं आणि म्हटलं, इथे एक तरी गोष्ट आहे जी मला येते.

बुकिंगचा नियम असा की एका अकाउंटवर दोनच बेड. आणि बेड चार पाहिजेत. दोन पुण्याचे भावजी घेणार, आणि दोन आमच्या घरातून. पण ज्या सकाळी बुकिंग उघडणार तेव्हाच ह्यांची मोठी मीटिंग, म्हणून ह्यांनी माझ्या नावाने अकाउंट काढलं, माझा ईमेल, माझा फोन. म्हणाले, तू घरीच असतेस, तूच बस.

मी म्हटलं, अहो, मला कुठे जमतंय, माझ्या हातून काहीतरी भलतंच होईल.

"काही होत नाही गं. मी शिकवतो."

आणि शिकवलं, खरंच शिकवलं, ते मी नाकारत नाही. रोज जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसायचे, कुठल्या तरी हॉटेलची साइट उघडायचे आणि माझ्याकडून करून घ्यायचे. इथे तारीख, इथे दोन माणसं, इथे नावं, रिफ्रेश करायचं नाही, मागे जायचं नाही. मी चुकले की हसायचे, पण चिडायचे नाहीत. लग्न झाल्यापासून ते माझ्याशेजारी एवढा वेळ कधी बसले नव्हते. एकदा मी विचारलं, चुकीचं बटण दाबलं तर व्हिसाला काही होईल का, तर इतके हसले, इतके हसले, आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. मला ते दिवस फार आवडले. आता तेच आठवायला नको वाटतं.

ती सकाळ आली. मी आंघोळ करून, देवाला दिवा लावून बसले, परीक्षेला बसतात तशी. बरोबर वेळेला ते उघडलं आणि म्हणे तुम्ही रांगेत आहात, आणि एक छोटा माणूस पट्टीवर चालत चाललेला, पुढे जाईना की मागे येईना, आणि तेवढ्यात बाळ उठलं आणि जे रडायला लागलं, मी एका हाताने तिला उचललं, पदराखाली घेतलं, ती चुपूचुपू प्यायला लागली, आणि तो माणूस एकदम पट्टीच्या टोकाला पोचला. पहिली हट, दोन बेड, मिळाले. तिसरी घ्यावी आधी की मधली, मी मधली घेतली, तिथे लाल अक्षरात की एवढेच शिल्लक, मी दोन टाकले, तो गोल फिरतोय, फिरतोय, बाळाने दात लावला तरी मी हलले नाही, आणि घेतलं त्याने. मग तिसरी. मग नावं. पहिलं ह्यांचं टाकलं. दुसरं माझं. माझं नाव मी दवाखान्यात सोडून दुसरीकडे कुठे टाइप केलेलं मला आठवत नाही. एक एक अक्षर बघून टाकलं.

ह्यांना फोन लावला, मीटिंगमधून उचलला त्यांनी.

"मिळालं?"

"मिळालं."

"मधली पण?"

"मधली पण. तिन्ही."

"दोन्ही बेड?"

"दोन्ही. एक तुमच्या नावाचा, एक माझ्या."

तिथे ते जरासे थांबले. एवढंसं. मला वाटलं मीटिंगमध्ये कुणी काही बोललं असेल. मग म्हणाले, "ग्रेट, ग्रेट. वाघीण आहेस तू." पुण्याच्या भावजींना पण त्यांचे दोन मिळाले. संध्याकाळी नागपूरच्या भावजींनी फोनवर ओरडून सांगितलं, वहिनी, तुम्ही तर कमालच केली, तुम्हाला पार्टी. मी आरशासमोर जाऊन एकटीच हसले.

त्यानंतर मी चालायला लागले. बर्फ वितळला तसं बाळाला स्ट्रोलरमध्ये घालायचं आणि तळ्याच्या मागचा तो चढाचा रस्ता चढायचा, वर जायचं, खाली यायचं, परत वर. एक म्हातारे आजोबा रोज कुत्रा घेऊन फिरायचे, ते मला बघून हात करायचे आणि काहीतरी म्हणायचे, मी पण हात करायची. रात्री हे विचारायचे, आज किती वेळा चढलीस? मी सांगायची. ते म्हणायचे, मस्त. बुटांचं काढलं की म्हणायचे, थांब, मेच्या शेवटी मेमोरियल डेला सेल लागतो. सेल लागला, ह्यांनी स्वतःचे बूट आणले, आणि म्हणाले तुझ्या मापाचे संपले होते, पुढच्या वेळी बघू. माझं माप काय जगावेगळं आहे का? पण मी आहे त्याच चपलांवर चढत राहिले. मला संशय आला नाही, खरंच नाही आला. आपल्या माणसावर कोण संशय घेतं?

आता मला ते लिहायचंय जे मी कुणाला सांगितलं नाही.

बाळ अजून अंगावर पीत होतं. दिवसा कमी, पण झोपताना आणि रात्री उठून उठून. तिला त्याशिवाय झोपच यायची नाही. तीन रात्री काकूंकडे राहायची तर ते तोडायला पाहिजे. मी आत्याला व्हिडिओ कॉल केला, म्हटलं आत्या, कसं करू? ती म्हणाली, "अगं कडुलिंब वाटून लाव. एकदा तोंड कडू झालं की पोर परत बघत नाही." मी म्हटलं कडुलिंब इथे कुठला? मग म्हणाली, "कोरफड मिळते का बघ. तिचा गर लाव." कोरफड मिळते इथे, भाजीच्या दुकानात लांबच्या लांब पानं ठेवलेली असतात. मी आणली. चिरली, तो पिवळा कडू रस निघतो तो लावला.

ती आली नेहमीसारखी, हात लावला, तोंड लावलं, आणि मागे झाली. तोंड वेडंवाकडं केलं. आणि मग माझ्याकडे बघितलं. रडली नाही आधी, नुसतं बघितलं, जणू विचारत होती की तू केलंस का हे? मग परत तोंड लावून बघितलं, तिला वाटलं असेल आता बरं झालं असेल. तेव्हा मात्र जी रडली. मी पण रडले. मी तिला म्हटलं, बाऊ झालाय गं राजा, आईला बाऊ झालाय. ती फुंकर मारायला लागली. तिला तेवढंच येत होतं ना, बाऊ झाला की फुंकर मारायची.

चार-पाच दिवस घर डोक्यावर घेतलं तिने. माझी छाती दगडासारखी झाली, ताप आला, कपडा लागला तरी कळ यायची. काकूंनी कोबीची पानं फ्रीजमध्ये ठेवून आणून दिली, म्हणाल्या बांधून ठेव, उतरेल. हे तेव्हा दुसऱ्या खोलीत झोपायचे, सकाळी ऑफिस असतं म्हणून. एकदा पहाटे पाणी प्यायला बाहेर आले, मी बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते, दोघी रडत होतो. ते दारात उभे राहिले. म्हणाले, "होईल दोन दिवसांत शांत." आणि पाणी पिऊन गेले.

हे मी सगळ्यात जास्त वेळा आठवते. त्यांना माहीत होतं. दारात उभे होते तेव्हा त्यांना माहीत होतं.

मला कळलं ते जूनमध्ये. मी काकूंकडे गेले होते बाळाला घेऊन, म्हटलं आत्तापासून थोडी थोडी सवय करू. काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सांगत होते, काकू, हिला वरणभात चालतो, दही आवडतं, झोपताना पाठीवर हात फिरवला की झोपते आता, रात्री उठली तर पाणी द्यायचं.

काकू म्हणाल्या, "कधीचं म्हणतेस तू हे?"

"जुलैतलं. आम्ही डोंगरावर जाणार ना तेव्हाचं. हे बोललेत ना तुमच्याशी."

"माझ्याशी? नाही गं. जुलैत आम्ही कुठे इथे? नेपरव्हिलला जायचंय सगळ्यांना, लेकीकडे, नातवाची मुंज आहे ना. तुझ्या नवऱ्याला माहितीये की. मीच आमंत्रण दिलं त्याला लिफ्टमध्ये, तर म्हणाला, काकू, नेमका तेव्हाच आमचा मित्रांचा ट्रेक आहे, बायको-मुलगी घरीच आहेत पण त्यांना एकट्यांना कसं पाठवू."

काकूंनी शेंग हातातच धरली. माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि मग हळूच म्हणाल्या, "अगं, म्हणून दूध तोडलंस का तू?"

बाळ त्यांच्या टोपलीतले दाणे उचलून माझ्या तोंडात घालत होतं. मी चावत होते.

हे आले तसं मी दारातच विचारलं. बूट पण काढू दिले नाहीत.

"काकूंशी तुम्ही बोललाच नाहीत."

"कशाबद्दल?"

"बाळाला ठेवण्याबद्दल. त्या नेपरव्हिलला चालल्यात. तुम्हाला माहीत होतं."

ते खाली बसले, बुटाची नाडी सोडायला लागले. म्हणाले, "अगं, मी सांगणारच होतो तुला. तुझ्या नावावर बेड घेतला तो नागपूरवाल्याच्या मेहुण्यासाठी. तो टेक्सासवरून येतोय. पहिल्यापासून तसंच ठरलं होतं. एका अकाउंटवर दोनच मिळतात, आणि प्रत्येक बेडला तेव्हाच नाव टाकावं लागतं, म्हणून तू टाकलंस ते राहू दिलं. नंतर नाव बदलता येतं."

"पहिल्यापासून?"

"म्हणजे साधारण."

"मग तुम्ही मला चल म्हणालात ते?"

"अगं यार, ते बोलण्याच्या ओघात म्हणतो माणूस. तू एवढं सिरियसली घेशील असं मला वाटलं नाही."

"मी रोज तो चढ चढत होते. तुम्ही विचारत होता किती वेळा चढलीस."

"चांगलंच आहे ना, एक्सरसाइज झाला."

"मी दूध तोडलं हिचं."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. आणि म्हणाले, अगदी शांतपणे, समजावल्यासारखं, "ते तर कधीतरी तोडायचंच होतं ना."

मला वाटलं मी काहीतरी फेकून मारीन. नाही मारलं. मी आत जाऊन कुकर लावला. माझ्या नावावर इथे काही नाही, व्हिसा ह्यांच्या नोकरीवर, घर ह्यांच्या नावावर, मला गाडी येत नाही, मी भांडून जाणार कुठे, तळ्यापर्यंत? तेवढाच रस्ता मला माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला फोन लावला, तिकडे संध्याकाळ होती. माझ्या आईला नाही लावला, तिला उगाच घोर. म्हटलं आत्या तर माझी आहे, ती त्यांचे कान धरेल. मी रडत रडत सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मधे मधे हं हं करत होती, आणि मग म्हणाली, "अगं, त्याने मला सांगितलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

मी म्हटलं, "कधी सांगितलं होतं?"

"झाले की दोन-तीन महिने. पुरुषांचं असतं ते, चार मित्र जातात. तू कशाला पोर टाकून डोंगरात फिरतेस?"

"आत्या, कोरफड लाव म्हणून तू सांगितलंस मला. तेव्हा तुला माहीत होतं?"

"बरंच झालं की दूध सुटलं ते. किती दिवस पाजत बसणार? आता पुढच्याचं बघा दोघं."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे हातातून खाली गादीवर टाकला, त्यात आत्या अजून दिसत होती, हॅलो हॅलो करत होती. ज्या बाईने मला अंगाखांद्यावर खेळवलं ती. बाप माझा तिचा पाठचा भाऊ. ह्यांचा राग येत होता तो येत होता, पण आत्याचं ऐकल्यावर मी फोनशेजारी गादीवरच बसून राहिले. ह्यांच्यात आणि तिच्यात हे ठरलेलं होतं, आणि मी रोज तिला फोन करून सांगत होते, आत्या आज कमी रडली, आत्या आज ताप उतरला. आणि ती म्हणत होती, शाबास गं माझी बाय.

शनिवारी नागपूरचे भावजी आले. नाव बदलायची मुदत संपत आलेली, आणि बदलायचं तर माझ्या अकाउंटवरूनच, कोड येणार माझ्या फोनवर. ह्यांनी लॅपटॉप डायनिंग टेबलवर उघडला. भावजी मोकळेपणाने बोलत होते, त्यांना कुणी काही सांगितलंच नसावं, किंवा सांगितलं असेल, मला आता कुणाचंच काही कळत नाही.

"वहिनी, तुमच्यामुळे आमच्या सालेसाहेबांची सोय झाली बघा. तो म्हणतो, वहिनींना टेक्सासवरून काय आणू?"

मी म्हटलं, काही नको.

"कोड आला का वहिनी?"

आला होता. फोन माझ्या हातात होता, सहा आकडे त्याच्यावर. ह्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, "सरका, मीच करते. मला माहितीये ते पान."

हे सरकले. त्यांना बरं वाटलं असावं की मी राग सोडला. मी खुर्चीवर बसले, कोड टाकला, ते पान उघडलं. तिथे माझं नाव होतं तिन्ही हटसमोर, आणि नावाच्या खाली दोन बटणं. एक नाव बदलायचं. दुसरं कॅन्सल. ह्यांनीच मला शिकवलं होतं, जे लिहिलंय ते पूर्ण वाचायचं, मगच दाबायचं. मी पूर्ण वाचलं. खाली लिहिलं होतं की हा बेड परत केलात तर वाट बघणाऱ्या लोकांतल्या पुढच्या माणसाला जाईल, आणि परत मिळणार नाही. बाळ पायाशी चमचा आपटत होतं. मी दाबलं. नक्की का म्हणून विचारलं त्याने, मी परत दाबलं. तिन्ही ठिकाणी.

भावजी वाकून बघत होते. "अरे, अरे, वहिनी, हे काय केलं? कॅन्सल झालं ना हे!"

ह्यांनी लॅपटॉप ओढून घेतला. बघितलं. परत पान उघडलं. बेड गेला होता, कुणाला तरी मेल पण गेला असेल तोवर.

"हे काय केलंस तू?"

मी म्हटलं, "मला इंग्रजी येत नाही."

भावजींना खरं वाटलं. ते म्हणाले, "जाऊ दे बे, होतं, वहिनींना काय माहीत, आपणच बसायला पाहिजे होतं." पण हे माझ्याकडे बघत होते. ह्यांना माहीत होतं मला कॅन्सल वाचता येतं, त्यांनीच तर इतक्या संध्याकाळी माझ्याकडून करून घेतलं होतं. भावजींसमोर काही बोलले नाहीत. भावजी गेल्यावर पण नाही. मी रात्रभर जागी, आता ओरडतील, आता आत्याला सांगतील, आता मला परत पाठवतील. पण ते काहीच बोलले नाहीत, आणि न बोलणंच पुढे कितीतरी दिवस चाललं, मीठ दे, पाणी दे, एवढंच.

जुलैत ते तिघे गेले. मेहुणा आलाच नाही. मी धपाटे करून दिले प्रवासाला, कारण करायचे नाहीत असं म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

चौथ्या दिवशी परत आले, उन्हाने काळे झालेले, पायाला फोड, गुडघा सुजलेला. आंघोळ करून सोफ्यावर बसले, बाळाला मांडीवर घेतलं. बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून असेल, ह्यांनीच काढलं. म्हणाले, "तुझ्या त्या बेडवर एक म्हातारी आली होती."

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "कसली म्हातारी?"

"अमेरिकन. सत्तरीची तरी असेल. एकटीच. तिन्ही हटवर आमच्याच खोलीत, माझ्या वरच्या बेडवर. शिडीवरून अशी सरसर चढायची."

"एकटी?"

"एकटीच. म्हणाली आठ वर्षं प्रयत्न करतेय, ह्या वर्षी पण मिळालं नव्हतं, एकदम जूनमध्ये मेल आला."

मी भाजी बाजूला ठेवली. विचारलं, कपडे काय होते तिचे? बूट कसले? चालायला कशी होती? दमत होती का? हे सांगत होते, आधी जरा नवल करत, मग खुलून. म्हणाले, आमच्या आधी पोचायची. दोन काठ्या घेऊन. वरच्या कड्यावर वारा इतका होता की आम्ही खडकामागे बसलो, आणि ही मधोमध उभी, टोपी काढून.

"टोपी का काढली?"

"काय माहीत. हसत होती."

"मग?"

"मग काय, निघालो."

मी अजून विचारत राहिले. जेवण कुठे बसून केलं तिने, रात्री उठली का, थंडीत काय पांघरलं, शेवटच्या दिवशी तिला घ्यायला कोण आलं होतं. जेवढं त्यांना माहीत होतं तेवढं सगळं काढून घेतलं. मधेच त्यांनी पाय टेबलावर टाकला, मोजा खाली केला, तो फोड मला दिसेल असा. चांगलाच मोठा होता, फुटलेला. ते वाट बघत होते.

मी म्हटलं, "तिच्या काठ्या कसल्या होत्या, लाकडाच्या?"